काय दिवे लावलेत!

मराठी भाषेत दिवा लावणं ही चांगली गोष्ट की वाईट, याचा निकाल अजून लागलेला नाही. तिन्हीसांजेला देवापाशी एक दिवा लावला तर ते पुण्यकर्म. पण तोच दिवा अनेकवचनी झाला की समोरच्याच्या कपाळाला आठी पडलीच म्हणून समजा. 'काय दिवे लावलेत?' या प्रश्नाला मानानं उत्तर दिलेला मुलगा निदान आमच्या आळीत तरी निपजला नाही. आमचे अण्णा हा प्रश्न वर्षातून तीनदा विचारीत. तिमाहीला, सहामाहीला आणि वार्षिकला. या प्रश्नाला उत्तर नसतं, खाली मान असते, हे मी फार लवकर ओळखलं होतं. त्यामुळं वयाच्या सत्तराव्या वर्षी तो पुन्हा पुढ्यात येईल, आणि तोही अक्षरशः, म्हणजे अंगात कुठंकुठं दिवे लागलेत ते मोजून त्याचा छापील निकाल हातात पडेल, असं कधी स्वप्नातही आलं नव्हतं.

त्याचं असं झालं, की मला प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला.

(हे वाक्य मी मुद्दामच एकदम लिहून टाकलं. ते हळूहळू सांगायला गेलं की ऐकणारा मध्येच 'हल्ली औषधं फार चांगली निघालीत हो' असं म्हणतो, आणि मग पुढचं सांगायची सोय राहत नाही.)

प्रोस्टेट या वस्तूचा आणि माझा साठीपर्यंत परिचय नव्हता. मूत्राशयाच्या खाली, लघवीच्या नळीला वेढा घालून बसलेली अक्रोडाएवढी गाठ. शुद्ध मराठीत तिला 'पुरःस्थ ग्रंथी' म्हणतात. हे नाव ऐकून वाटावं, की भांडारकर संस्थेनं काढलेली एखादी पोथी असेल, संशोधित आवृत्ती, सटीप. आमच्या आत्तेबहिणीनं या नावाला हात घालायचं धाडस केलं नाही. तिनं सरळ 'दादाला प्रोटेस्टंट निघालाय' असं नात्यात कळवून टाकलं. त्यावर एका वयस्कर मामांनी 'या वयात धर्म बदलायचं काय नडलं होतं?' असं खरोखरच विचारलं.

रक्तातला पीएसए नावाचा आकडा चारच्या आत असावा, असं सर्वसाधारणपणे धरतात. माझा निघाला बावीस. मग सुईनं तुकडे काढून तपासले, तेव्हा 'ग्लीसन स्कोअर' आला आठ. ग्लीसन हे अमेरिकेतले एक पॅथॉलॉजिस्ट. कॅन्सरच्या पेशी किती बिघडल्यात ते सूक्ष्मदर्शकातून बघून गुण द्यायची पद्धत त्यांनी १९६०च्या दशकात बसवली. एकूण गुण दहा. दहापैकी आठ! शाळेत एवढे मार्क पडते तर अण्णांनी पेढे वाटले असते. इथं मात्र डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. डॉक्टरनं चष्मा काढला की आपण समजून घ्यावं.

"आता मुख्य प्रश्न एकच," ते म्हणाले. "हा गडी आपल्याच खोलीत आहे, की बाहेर पडलाय?"

सगळी गोम इथं आहे. प्रोस्टेटमध्येच असेल तर शस्त्रक्रिया करा, किरण द्या, घालवून टाकायचा प्रयत्न करता येतो. शेजारच्या गाठींपर्यंत गेला असेल तर जरा जास्त खटपट. पण हाडांत शिरला असेल, तर मग सहसा त्याला घालवायची भाषा बंद होते आणि सांभाळायची सुरू होते. बिऱ्हाडकरू आणि मालक यांच्यात जे होतं तेच. एकदा त्यानं गच्चीवर पत्रा टाकून दुसरी खोली काढली, की कोर्टात वर्षं निघतात, घर काही रिकामं होत नाही.

आणि या गड्याचं हाडांवर फार प्रेम. त्यातून पाठीच्या कण्यावर. असं का, याचा एक चांगला खुलासा फिलाडेल्फियाच्या ऑस्कर बॅटसन या शरीरशास्त्रज्ञानं १९४० साली केला. ओटीपोटातल्या शिरा आणि कण्याभोवतीचं शिरांचं जाळं एकमेकांना जोडलेलं असतं, आणि त्या जाळ्याला झडपा नसतात. म्हणजे रक्त इकडूनही जाईल, तिकडूनही जाईल. खोकला आला, शिंक आली, जरा कुंथलं, की पोटात दाब वाढून रक्त उलटं कण्याकडं. फाटक नसलेलं रेल्वे क्रॉसिंगच म्हणा ना. रोग सगळा याच वाटेनं जातो असं नाही, पण ही वाट आहे. हे वाचल्यापासून मी आठवडाभर शिंका दाबून धरत होतो. त्याचा उपयोग शून्य, हे मलाही कळत होतं.

अण्णांची पाठ दुखायला लागली ती १९७८च्या थंडीत. आम्ही तेव्हा वाईला होतो. आधी महानारायण तेल झालं. मग शेकाची पिशवी. मग कुणीतरी म्हणालं गादी बदला, म्हणून गादी पिंजून घेतली. साताऱ्याला नेऊन एक्स-रे काढला, तो स्वच्छ निघाला. त्या आनंदात आम्ही येताना कंदी पेढे घेतले, आणि अण्णांनी बसमध्येच दोन खाल्ले. सात महिन्यांनी दुसरा एक्स-रे काढला, तेव्हा कण्याचे चार मणके डागाळलेले होते. डॉक्टरांचा यात काडीचा दोष नव्हता. एक्स-रेमध्ये हाड पोखरलेलं दिसायला त्या जागचा तिसरा हिस्सा ते निम्मा चुना आधी झडून जावा लागतो. वाळवी लागली हे तुळई खाली आल्यावर कळावं, त्यातलीच ती गोष्ट. किरणोत्सर्गी औषधं वापरून तपासण्या करणारं रेडिएशन मेडिसिन सेंटर परळला १९६३ सालीच निघालं होतं. पण वाईहून परळ तेव्हा फार लांब होतं, आणि जावं असं सांगणाराही कुणी नव्हता. अण्णा १९७९च्या दिवाळीआधी गेले. त्यांच्या हाडांत दिवे लागले होते ते आम्हांला कुणालाच दिसले नाहीत, आणि ते आम्हांला विचारत राहिले, की बाबांनो, पुढं काय दिवे लावणार आहात?

तेव्हा 'बाहेर पडलाय की नाही' हा प्रश्न आमच्या घराला नवा नव्हता. मला एवढंच हवं होतं, की या खेपेला उत्तर वेळेवर मिळावं.

मधल्या काळात बोन स्कॅन नावाची तपासणी सगळीकडं पोचली. टेक्नेशियम नावाचं किरणोत्सर्गी द्रव्य टोचतात. जिथं हाड नव्यानं घडत असेल तिथं ते जाऊन बसतं आणि कॅमेऱ्यात दिसतं. एक्स-रेपेक्षा पुष्कळच हुशार. पण एक खोड आहे. हाडाला कशानं का होईना, काम लागलं की हे द्रव्य तिथं हजर. कॅन्सर असो, संधिवात असो, जुना मुका मार असो, सगळं त्याला सारखंच. आमच्या सोसायटीतल्या निवृत्त पोस्टमास्तरांचे दोन्ही गुडघे या स्कॅनमध्ये असे उजळले, की ते बिचारे आठ दिवस जेवले नाहीत. शेवटी निघाला संधिवात. तो आहे हे त्यांना जिने चढताना रोज कळतच होतं.

म्हणून मला डॉक्टरांनी पीएसएमए पेट स्कॅन सांगितला. ऑस्ट्रेलियात दहा इस्पितळांनी मिळून माझ्यासारखेच धोक्याच्या पायरीवरचे ३०२ पुरुष घेतले आणि दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या. २०२० साली 'लॅन्सेट'मध्ये तो निकाल छापून आला. जुनी पद्धत, म्हणजे सीटी आणि बोन स्कॅन मिळून, ६५ टक्के अचूक. नवी ९२ टक्के. आता ६५ टक्के म्हणजे आमच्या काळी फर्स्ट क्लास, पुढं पाच मार्क शिल्लक. पण शंभरातले पस्तीस जण चुकीच्या वाटेला लागतात म्हटल्यावर, आणि आपण त्या शंभरातले एक म्हटल्यावर, फर्स्ट क्लासवर समाधान मानवत नाही. शिवाय नव्या पद्धतीत किरणांचा डोसही निम्म्याहून कमी.

ही काय युक्ती आहे ते मी माझ्या समाधानासाठी पोस्टमास्तरांच्या भाषेत लावून घेतलं, आणि त्यांनीही मान्यता दिली. प्रोस्टेटच्या पेशींच्या दारावर एक पाटी असते. पीएसएमए हे त्या पाटीचं नाव. कॅन्सरच्या पेशी ही पाटी एक नाही, शेकड्यांनी लावतात. नव्यानं पैसा झालेल्या माणसासारख्या. तेव्हा ही पाटी वाचू शकणारा एक पोस्टमन तयार करायचा, त्याच्या हातात कंदील द्यायचा आणि त्याला रक्तात सोडून द्यायचा. जिथं पाटी दिसेल तिथं तो कंदील घेऊन उभा राहतो. मग आपण बाहेरून फक्त कंदील मोजायचे. ओटीपोटात असोत, कण्यात असोत, नाहीतर खांद्यात.

हा पोस्टमन जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या मंडळींनी घडवला. २०११ साली त्यांनी तो प्रथम माणसात सोडला. त्याच्या हातातला कंदील असतो गॅलियमचा.

गॅलियम हे नाव ऐकून मला परकं वाटलं होतं, पण वाचता वाचता जुनं नातं निघालं. मेंडेलिव्हनं १८७१ साली आपल्या तक्त्यात रिकामी घरं ठेवून तिथं कोण येणार याची भाकितं केली होती, त्यांतलं एक घर अॅल्युमिनियमच्या खालचं. त्याला त्यानं नाव दिलं होतं 'एका-अॅल्युमिनियम'. हा 'एका' म्हणजे आपला संस्कृतातला 'एक'! चार वर्षांनी फ्रान्समध्ये ते मूलद्रव्य सापडलं, तेच गॅलियम. धातू असून तीस अंशांच्या जरा अलीकडंच वितळतो. पुण्यात एप्रिलमध्ये कपाटात ठेवला तर संध्याकाळी पुसून घ्यावा लागेल. अर्थात टोचतात ते वेगळं, किरणोत्सर्गी गॅलियम, वजन बघायला गेलं तर नाहीच्या जमा. त्याचा अणुभार ६८, आणि दर ६८ मिनिटांनी ते निम्मं होतं. लक्षात ठेवायला इतकी सोपी गोष्ट भौतिकशास्त्रात मला पहिल्यांदाच भेटली.

इतकं अल्पायुषी द्रव्य दुकानातून आणून ठेवता येत नाही. मग इस्पितळात जर्मेनियम ठेवतात. त्याचं अर्धायुष्य नऊ महिन्यांच्या आसपास. ते सावकाश झडतं आणि त्यातून गॅलियम होत राहतं. सकाळी येऊन तंत्रज्ञ त्याची धार काढतो. मी थट्टा करत नाही, या उपकरणाला त्या धंद्यातले लोक गायच म्हणतात. धार काढली, पोस्टमनच्या हाती दिली, तपासली, की लगेच धावपळ. कारण दूध नासायला लागलेलं असतं. रोगी वाहतुकीत अडकला तर कंदील वाटेतच मंदावणार. आम्हांला साडेनऊची वेळ दिली होती. आमची ही साडेसातलाच चपला घालून दारात उभी. आयुष्यात सिनेमाला, लग्नाला, आगगाडीला ती कधी वेळेवर निघाली नव्हती.

इंजेक्शन शिशाच्या जाड नळकांड्यात घालून आणतात. देणारा मुलगा विशीतला, तोंडानं गाणं गुणगुणत होता. टोचलं आणि लांब जाऊन उभा राहिला. "काका, आता तासभर इथं बसायचं, पाणी प्यायचं, आणि हो, आज संध्याकाळपर्यंत नातवंडांना मांडीवर घेऊ नका." मी म्हटलं, "नातू नऊवीत आहे. तोच मला जवळ येऊ देत नाही."

तासभर पाणी पीत बसलो. खोलीत थोड्या अंतरावर दुसरे एक गृहस्थ होते, सोलापूरकडचे शेतकरी. पांढरी टोपी, हातात पाण्याची बाटली, चेहऱ्यावर मुरलेल्या गिऱ्हाइकाचं समाधान. त्यांची ही तिसरी खेप.

"पहिल्या टायमाला बघितलं तर पार गणपतीचा मांडव झालता," ते म्हणाले. "पाठ, कंबर, बरगड्या, समदीकडं लायटिंग."

मला काय बोलावं सुचेना. "मग?" एवढंच म्हटलं.

"मग काय, इंजेक्शनं चालू. मधे ते दुसरं औषध बी दिलं." दुसरं औषध म्हणजे ल्युटेशियम. पोस्टमन तोच, पत्ता तोच, फक्त हातात कंदिलाऐवजी सुतळी बाँब. जिथं पाटी दिसेल तिथं ठेवून यायचा. अमेरिकेत २०२२ साली त्याला परवानगी मिळाली, आपल्याकडंही काही ठिकाणी देतात. "मागच्या टायमाला निम्मं लाइट गेलं. आता बघू किती ऱ्हायलेत. चार वर्सं झाली. दोन पोरींची लग्नं केली की हो मधल्या मधे."

त्यांना आत बोलावलं, तेव्हा त्यांनी टोपी सारखी केली. फोटो काढायचा असल्यासारखी. खरं म्हणजे फोटोच तो.

यंत्रात पडून काही करायचं नसतं. हात डोक्यावर घ्यायचे आणि वीसेक मिनिटं स्वस्थ पडायचं. आत काय चाललेलं असतं ते मात्र फार मजेशीर. गॅलियममधून पॉझिट्रॉन निघतो. हा इलेक्ट्रॉनचा सख्खा भाऊ, फक्त विजेचा भार उलटा. तो जरासा पुढं जातो न जातो तोच त्याची एका इलेक्ट्रॉनशी गाठ पडते, आणि भाऊबंद समोरासमोर आल्यावर जे व्हायचं तेच होतं. दोघंही साफ संपतात. मागं उरतात ते फक्त दोन वकील, एकमेकांच्या बरोबर विरुद्ध दिशांना पळणारे. म्हणजे दोन गॅमा किरण. भोवतीच्या कड्यातली यंत्रं या दोघांना एकाच क्षणी पकडतात, दोघांमध्ये रेघ ओढतात, आणि भांडण त्या रेघेवर कुठंतरी झालं असं नोंदवतात. अशा लाखो रेघा जिथं एकमेकींना छेदतात तिथं आपला दिवा. देशातलं असलं पहिलं यंत्र २००२ साली परळच्या त्या सेंटरातच बसलं. अण्णा जाऊन तेवीस वर्षं झाली होती.

दोन दिवसांनी निकाल. डॉक्टरांनी पडद्यावर चित्र लावलं, आणि आमच्या हिनं माझा हात इतका घट्ट धरला, की तिची बांगडी मला रुतली. चित्रात मी काळोखाचा होतो, आणि गाल, डोळ्यांचे कोपरे, दोन्ही मूत्रपिंडं, आतड्याची सुरुवात, मूत्राशय, सगळं लखलखत होतं!

"अगं बाई!" ही एवढंच म्हणाली.

"ते नेहमीचंच आहे," डॉक्टर घाईनं म्हणाले. "ती पाटी तिथंही असते."

आता या पाटीचं पूर्ण नाव बघा. 'प्रोस्टेट-स्पेसिफिक', म्हणजे खास प्रोस्टेटची. आणि ती लाळेच्या गाठींवर आहे, अश्रूंच्या गाठींवर आहे, मूत्रपिंडावर तर रांगोळीसारखी पसरलेली आहे. नाव आधी ठेवलं आणि बाकीचे पत्ते मागाहून कळले. 'शुद्ध शाकाहारी' लिहिलेल्या हॉटेलात आत ऑम्लेट मिळावं, तशातला हा प्रकार. पण पेशंटच्या बायकोला हे पडदा लावायच्या आधी सांगायला काय हरकत आहे, असं मी म्हणतो.

मग डॉक्टर खरे दिवे दाखवायला लागले. प्रोस्टेटमध्ये एक, मोठा. तो असणारच होता. उजवीकडं ओटीपोटात लसिकेची एक गाठ, आपल्याकडं 'अवधाण आलं' म्हणतात त्या जातीची, हरभऱ्याएवढी. तीही पेटलेली. म्हणजे गडी खोलीबाहेर पडला होता, पण जिन्यापर्यंतच. मग पडद्यावर कणा आला. डॉक्टर एकेक मणका सरकवत खाली आणत होते, आणि मी लहानपणी दिवाळीत लोड-शेडिंग झाल्यावर आळीतली घरं बघावीत तसा बघत होतो. अंधार. अंधार. अंधार. अण्णांचे चार मणके गेले होते त्या जागी डॉक्टर थांबले नाहीत. त्यांना काय माहीत. मी मात्र थांबलो. तिथंही अंधार होता. आयुष्यात काहीच दिवे लावले नाहीत याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

अर्थात अंधार म्हणजे तिथं काही नाहीच, असंही नव्हे. दोन-तीन मिलिमीटरचा डाग या यंत्रालाही निसटतो, आणि काही कॅन्सर असे बनेल असतात की पाटीच लावत नाहीत. डॉक्टरांनी हे सगळं नीट सांगितलं, मला ते आवडलं. आवडलं नाही ते त्यापुढचं.

"डाव्या सातव्या बरगडीवर एक फिका ठिपका आहे," ते म्हणाले. "बहुतेक काही नाही. बरगडीवरचे असे एकटे ठिपके पुष्कळांना दिसतात. सीटीमध्येही हाड खाल्लेलं वाटत नाही. कधी मार लागला होता का?"

अहवालात याच ठिपक्याबद्दल लिहिलं होतं, की याचा रोग्याच्या एकंदर परिस्थितीशी मेळ घालून पाहावा. ज्याला निर्णय नको असतो तो कारकून फायलीवर असाच शेरा मारतो; पण इथं शेरा बरोबर होता, कारण मेळ घालायचा होता माझ्याशीच.

मार लागला होता. दोन वर्षांपूर्वी पुतण्याच्या लग्नात साताऱ्याच्या कार्यालयात ओल्या पायरीवरून मी सपशेल आपटलो होतो. पण कुठल्या अंगावर? त्या वेळी सगळंच अंग दुखत होतं. ही म्हणाली, उजव्या; तिनं तेल चोळलं होतं ते उजवीकडं. मी म्हटलं, चोळायला सांगितलं तिथं चोळलं नव्हतंस, म्हणून तर दुखणं महिनाभर राहिलं. लग्नाचा अल्बम काढला. सगळ्या फोटोंत मी दोन्ही बाजूंनी सारखाच वाकडा.

एरवी या प्रश्नाला काय किंमत? पण आता उजवी की डावी, यावर बरंच अवलंबून होतं. डावी असेल, तर ठिपका म्हणजे जुना मार, आणि प्रोस्टेट व ती गाठ मिळून किरण द्यायचे, दोनेक वर्षं हॉर्मोन बंद ठेवणारी इंजेक्शनं घ्यायची, आणि रोग घालवायचा असं धरूनच सगळं करायचं. उजवी असेल, तर डाव्या ठिपक्याला कारण राहत नव्हतं, आणि मग सुई, पुन्हा स्कॅन, आणि तोवर जीव टांगणीला.

मी धाकट्याला फोन लावला. लग्नाच्या रात्री आम्ही दोघं कार्यालयातल्या एकाच गादीवर होतो.

"डावीकडंच," तो क्षणाचाही विचार न करता म्हणाला. "तू रात्रभर उजव्या कुशीवर होतास. तोंड माझ्याकडं. काय घोरत होतास, दादा! पहाटे चारपर्यंत मी टक्क जागा."

"माझ्या घोरण्यानं?"

"नाही. घोरणं मधेच थांबायचं ना. श्वास लागतोय का ते बघत होतो."

मी डॉक्टरांना 'डावी, मार लागलेला, साक्षीदार आहे' असं कळवलं. आणि बाप झाला, भाऊ झाला, आता तिसरा तोच उरलाय म्हणून, त्याला न विचारता, सोमवारी सकाळी त्याच्याही पीएसएची वेळ घेऊन टाकली.